पांगडीचा तांबडा तलाव

१

गुरुवारी सकाळी नऊच्या सुमारास झिंगू पुजारी मांडीइतक्या पाण्यातून मायच्या खडकापर्यंत गेला, तिथल्या दगडी कोनाड्यात त्याने हात घातला आणि तो तसाच उभा राहिला. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, आम्ही शंभरेक माणसं नारळ-उदबत्त्या घेऊन वाट पाहत होतो. झिंगूने हात बाहेर काढला, पुन्हा घातला, मग दुसरा हात घातला. मग आमच्याकडे वळून तो ओरडला, "नळी नाई!"

कुणाच्या तरी हातातला नारळ खाली पडला आणि पाळीवरून गडगडत गेला. तो उचलायलाही कुणी वाकलं नाही.

साल पंचावन्न. पांगडी हे नागभीडपासून बैलगाडीने अर्ध्या दिवसाच्या वाटेवरचं गाव. मी तिथल्या शाळेचा मास्तर होतो, म्हणजे शिकवणारा मीच, घंटा वाजवणारा मीच आणि पावसात छपराची गळकी कवेलू फेरणाराही मीच. वय तेवीस. आज त्या गावाचं नाव कुणी काढलं तरी माझ्या नाकात ओल्या जाळ्यांचा आणि वाळत घातलेल्या तेंदूपानांचा वास येतो, आणि मी जरा वेळ कुणाशी बोलत नाही. घरचे म्हणतात, म्हातारा पुन्हा पांगडीला गेला.

ती पत्र्याची नळी म्हणजे गावातल्या बावीस ढिवर घरांचा जीव होता. तिच्यात एक जुना कागद होता, आमच्या जन्माआधीच्या जमीन-बंदोबस्ताच्या वेळचा, मोहर-शिक्क्याचा. पांगडीच्या मोठ्या तलावात मासे धरण्याचा हक्क ढिवरांचा, पिढ्यान्‌पिढ्या, असं त्यावर लिहिलेलं. मालगुजारी, म्हणजे तिकडची जमीनदारी, गेली, तलाव सरकारचे झाले, आणि एका ठेकेदाराने हा तलाव स्वतःला मागितला. शनिवारी नागभीडला साहेबासमोर सुनावणी होती. साहेबाने निरोप धाडला होता की अस्सल कागद आणा, तोंडी काही ऐकणार नाही. तो कागद ढिवरांनी कुणाच्या घरात न ठेवता तळ्याच्या मायच्या कोनाड्यात ठेवलेला. तिच्या घरून कोण चोरणार?

शिवाय त्या आठवड्यात तर तलावात पाऊल टाकायचीही सोय नव्हती. दर उन्हाळ्यात पाणी आटत आलं की एखाद्या दिवशी तलाव विटकरी लाल दिसायला लागतो. मग गावात हाळी फिरते, "माय बसली!" घरातली बाई बाहेर बसते तशी तलावाची माय बसली, असं समजायचं. रंग केव्हाही उतरो, पाळायचे ते चार दिवस. त्या चार दिवसांत पाण्यात जाळं नाही, घागर नाही, पाय नाही. पाळीवरदेखील कुणी रेंगाळत नाही. जो पाण्यात शिरेल तो एक वर्ष समाजाबाहेर. रविवारी माय बसली होती, बुधवारी दिवस भरले, आणि गुरुवारी पूजा करून नळी काढायची ठरलं होतं.

"म्हंजे चार दिवसांत कोनीतरी पान्यात शिरला," झिंगू काठावर येत म्हणाला.

तेवढ्यात मंगली पुढे झाली. ही आमच्या गावची म्हशी राखणारी बाई, कुणाच्या भल्याबुऱ्यात नसलेली. ती रडकुंडीला येऊन म्हणाली, "मी बोलनार नोयती. मंगळवारी एकदम सकारी, सूर्य निघाला नोयता तवा, म्या लटारूभाऊले पाह्यलं. पाळीवरून घराकडे येऊन राह्यले होते. धोतर ओलं होतं."

लटारू म्हणजे ढिवरांचा मुखिया. साठीचा, काटक, कमी बोलणारा. शंभर माणसांच्या माना त्याच्याकडे वळल्या. आणि गर्दीतून त्याचा सख्खा पुतण्या नथ्थू म्हणाला, "मंगलीनं सांगतलं म्हनून आता मीबी सांगतो. घरचा मानूस, म्हनून चूप होतो. त्याच सकारी मी पाळीच्या त्या टोकाले होतो. काका खडकाकडून येत होता, काखेत नळी होती. लालभडक पानी पायाले चिकटून होतं, भिजल्या पिठावानी. गुडघ्यापर्यंत लालच लाल."

झिंगूने लटारूला तलावाकडे तोंड करून उभं केलं आणि विचारलं, "मायसमोर सांग. गेलता का नाई?"

"गेलतो," लटारू म्हणाला. "पन नळी म्या नाई नेली."

२

आता माझ्या थोरल्या बहिणीबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिने केलं. मी फक्त कंदील धरला, आणि तोही एकदा पाडला.

इंदुताई नागपूरला कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवत असे. चौतीस वर्षांची, लग्न न केलेली, बोलायला तिखट. त्या मे महिन्यात ती सुट्टीला माझ्याकडे आली ती एक ट्रंक, एक पितळी सूक्ष्मदर्शक आणि चाळीस रिकाम्या बाटल्या घेऊन. कपडे पिशवीत होते. तिला शेवाळ जमवायचं होतं. गावाला वाटलं मास्तरच्या बहिणीच्या डोक्यावर परिणाम झालाय, म्हणून माणसं तिच्याशी फार प्रेमाने वागत.

पण ताईकडे बसून एक संध्याकाळ ऐकलं की आपल्यालाच लाज वाटे. आपण ज्याला नुसतं शेवाळ म्हणून पाय घसरला की शिव्या देतो, त्यात तिला शेकडो जाती दिसत. एक मऊ रेशमासारखं, ज्याच्या प्रत्येक धाग्यात हिरवी फीत जिन्यासारखी फिरत गेलेली. एक खरखरीत, अंगावर चुना चढलेलं, चोळलं की लसणीसारखं वासणारं. धानाच्या बांधीत जमिनीवर काळपट पापुद्रा धरतो, त्याला ती दोन बोटांत धरून म्हणे, "गुणवंता, हे फुकटचं खत आहे, अन् तुमचे शेतकरी त्याले खरवडून फेकतात."

माय बसल्याची हाळी झाली तेव्हा ती तांब्या घेऊन निघालीच होती. मी अक्षरशः दारात आडवा उभा राहिलो. "ताई, माझी नोकरी याच गावात आहे. चार दिवस पाळीवरही चढू नको."

"लाल रंग कशाचा हे पाहायचं आहे मले. एक थेंब."

"एक थेंबही नाही."

ती फणफणली, पण तिने ऐकलं. तलावाचं पाणी ज्या मोरीतून शेतांकडे सोडतात ती पाळीच्या बाहेरच्या अंगाला आहे. तिथे दगडी भिंत कायम झिरपते, आणि तिथे जायला बंदी नव्हती. ताईने चार दिवस तिथेच मुक्काम ठोकला. रोज संध्याकाळी पाच वाजता जायची आणि गुडघे हिरवे करून यायची.

सोमवारी संध्याकाळी ती परत आली ती चिडूनच.

"गुणवंता, माझं शेवाळ चोरलं कोणीतरी."

मी हसलो. कोण नाही हसणार?

"हसू नको. मोरीच्या भिंतीत डाव्या हाताला कमरेइतक्या उंचीवर एक दगड आहे. त्यावर निळसर काळं शेवाळ होतं, जेलीसारखं. काल मी अर्धं काढलं, अर्धं आजसाठी ठेवलं. आज पाहते तर दगड कोरडा ठाक. एका रात्रीत असं होत नाही."

"ऊन लागलं असेल."

"त्या भिंतीवर ऊन येत नाही, मास्तर," ती म्हणाली, आणि 'मास्तर' या शब्दावर तिने असा जोर दिला की मी गप्प जेवायला बसलो. तो विषय मी तिथेच विसरलो.

गुरुवारी पूजेहून मी घरी आलो आणि तिला सगळं सांगितलं. लटारूची गोष्ट ऐकताना ती बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होती. नथ्थूने काय सांगितलं ते तिने मला दोनदा विचारलं, शब्दन्‌शब्द. मग डिंकाचा हात पदराला पुसून उठली.

"चल. लटारूकडे."

"कशाला? त्याने कबूल केलंय."

"तो पाण्यात गेला हे कबूल केलं. चोरी नाही. तुमच्या गावात कोणीच त्याले पुढचा प्रश्न विचारला नाही काय?"

खरंच विचारला नव्हता.

३

लटारूच्या अंगणात शेजारचं कुणी नव्हतं. काल याच अंगणात दहा माणसं जाळी विणत बसलेली मी पाहिली होती. गुणाबाई, त्याची बायको, आम्हांला पाहून उठली आणि तिने खाट टाकली. हात पाणी द्यायला पुढे झाला आणि मागे गेला. बहिष्कृत घरचं पाणी मास्तर पिईल की नाही, असा विचार तिच्या मनात आला असणार. ताईने सरळ तिच्या हातातून तांब्या घेतला आणि घटाघटा प्याली.

"लटारूभाऊ, काऊन गेलते पाण्यात?"

तो जमिनीकडे पाहत राहिला. गुणाबाईच बोलली. "सोमवारी बजारात ठेकेदाराचा मानूस खडकाबद्दल विचारत होता, बाई. पानी किती आहे, कोनाडा कोन्या बाजूले आहे. तवापासून यायले झोप नाई. मंगळवारी म्या उठून पाह्यलं तं खाटेवर नोयते."

"बावीस घरांचा कागद," लटारू हळूच म्हणाला. "वरसभर बाहेर राहीन म्हटलं, पन कागद घरी आनीन. गेलो. कोनाड्यात हात घातला तं रिकामा. मंग कोनाले सांगू? सांगतलं तं पान्यात गेल्याचं सांगा लागन."

"म्हणजे मंगळवारी पहाटेच नळी नव्हती."

"नोयती. मायची आन."

"आणखी काही आठवतं? काहीही."

म्हातारा चोरून बोलावं तसं म्हणाला, "आठवते. पन कोनी मानत नाई. झिंगूले सांगतलं तं तो थुंकला माह्या तोंडासमोर."

"मला सांगा."

"पानी हिरवं होतं, बाई."

शेजारच्या घराच्या कुडामागून कुणीतरी हसलं. रविवारपासून बुधवारपर्यंत मी स्वतः रोज दुपारी लांबून तलाव पाहिला होता, आणि तो गेरू कालवल्यासारखा लाल होता. आज सकाळी पूजेलाही लालच होता. साऱ्या पांगडीने पाहिलेली गोष्ट हा माणूस तोंडावर नाकारत होता. मला वाईट वाटलं, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला. इतकं भाबडं खोटं तरी का बोलावं?

"हिरवंगार," लटारू म्हणाला. "म्हून तं मले धीर आला. वाटलं, माय उठली, जा म्हनते."

ताई हसली नाही. ती खाटेवरून उठून उभी राहिली होती. "तुमचं त्या दिवशीचं धोतर धुतलं का?"

"कुठी धुवू?" गुणाबाई म्हणाली. "तलाव बंद, इहीर आटली. तसंच हाय कुडाले लटकून."

ताईने ते धोतर उन्हात धरलं. मांडीच्या उंचीवर आडवी ओळ होती, वाळून गेलेली, फिकट. तिने माझ्याकडे पाहिलं. ओळ हिरवी होती.

४

"हे काय आहे?" मी बाहेर येताच विचारलं.

"सांगते. आधी नथ्थू."

नथ्थू फडावर होता. विडीसाठीच्या तेंदूपत्त्याचा फड म्हणजे गावाबाहेरचं मोकळं मैदान. त्या दिवसांत सगळं गाव भल्या पहाटे पाळीच्या उलट्या दिशेला रानात पान तोडायला जाई, दुपारी घरात बसून पुडे बांधी, आणि चारनंतर ते फडावर आणून वाळत घाली. अंधार पडल्यावर माणसं घरी जात.

नथ्थू तिशीचा, देखणा, केसांना तेल चोपडलेला. ताईशी तो अदबीने बोलला. हो जी, पहाटेच पाहिलं. हो, लाल पाणी. किती वाजता? "सूर्य निघाच्या आंदी. पन उजेड होता."

"पाळीच्या टोकापासून खडक किती दूर?"

"असन चारशे-पाचशे हात."

"नजर चांगली आहे तुही. पाण्याचा वास येत होता काय?"

"येत होता नं! हातापायाले कच्च्या मच्छीवानी वास, दोन दिवस जात नाई…" तो थांबला. "म्हंजे, लोक म्हंतेत."

ताई "बरं" म्हणाली आणि त्याला सोडून फडावर पुडे मोजून घेणाऱ्या मुनशीकडे गेली. शफी मुनशी हा ब्रह्मपुरीकडचा पोरगेला माणूस. त्याच्याकडे गावातल्या कुणाचीही तक्रार नव्हती, आणि फडावरच्या मुनशीबद्दल असं म्हणता येणं ही थोडकी गोष्ट नाही. त्याने आम्हांला सावलीत बसवलं.

"शफीभाऊ, सोमवारी नथ्थू फडावर आला होता?"

"आया था, बाई. सबसे पहले. बाकी लोक चारला येते, हा तीनलाच आला, आणि पुडे नोयते जवळ. मी म्हटलं, खाली हात काऊन? म्हणे, पान कमी मिळालं."

"त्याच्याकडे पाहून काही वाटलं?"

शफी आठवू लागला. "पाय लाल होते. इथवर." त्याने मांडीवर हात ठेवला. "मी हसलो. म्हटलं, मुरमाच्या खाणीत पडला का? त्यानं ते हसण्यावारी नेलं आणि पायावर पाणी घेतलं. माझ्या प्यायच्या रांजणातलं, म्हणून ध्यानात आहे."

आमच्याकडची माती लाल मुरमाची. पाय लाल असणं यात काय नवल? मी तसं म्हटलंही. ताई म्हणाली, "मुरूम मांडीपर्यंत जात नाही."

त्या संध्याकाळी, बंदी उठली होती म्हणून, ती एकटीच तांब्या घेऊन पाळीवर गेली. दिवेलागणीला परत आली आणि सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. मी कंदील धरून उभा होतो. बऱ्याच वेळाने ती "ये, पाहा" म्हणाली. मी घाईने वाकलो आणि कंदील पाडला. काच फुटली आणि अंधार झाला. त्या अंधारात मला माझ्या बहिणीचं हसणं ऐकू आलं. इतकी मोकळी ती लहानपणानंतर कधी हसली नव्हती.

"राहू दे," ती म्हणाली. "उद्या सगळं गाव पाहील. झिंगूले जाऊन सांग, पंचायत पाळीवर घ्या. मायसमोर. अन् सूर्य उगवायच्या आधी."

५

शुक्रवारी पानतोडीला कुणी गेलं नाही. उजाडायच्या आत सगळं गाव काठ्या टेकत, पोरं खाकोटीला मारून पाळीवर चढलं. वर पोचलेली माणसं एकाएकी गप्प होत होती. मी पोचलो तेव्हा मलाही कळलं, का.

तलाव हिरवा होता. काठापासून खडकापर्यंत, धानाच्या रोपासारखा हिरवा.

"माय उठली," कुणीतरी पुटपुटलं.

"थांबा," ताई म्हणाली. "बसून राहा."

आम्ही बसलो. सूर्य झाडांवर आला. ऊन पाण्यावर पसरलं, चढत गेलं. सुरुवातीला कुणालाच काही दिसेना. मग पाण्यावर कुठे कुठे तांबूस झाक आली, जणू कुणी कुंकवाची चिमूट सोडली. आठ वाजेपर्यंत आमच्या डोळ्यांदेखत पांगडीचा तलाव पुन्हा लालभडक झाला. झिंगूने हात जोडले. मंगली रडू लागली. मलाही भरून आलं, आणि त्याचं कारण मला आजही नीट सांगता येत नाही.

"हे एक शेवाळच आहे," ताई सांगू लागली. "इतकं बारीक की एका थेंबात शेकडो. मूळ अंग हिरवं. पण पोटात लाल रंगही बाळगतं. ऊन तापलं की ते डोईवर लाल पदर घेतं, तुम्ही बाया घेता तसा. ऊन उतरलं की पदर आवरून ठेवतं. म्हणून हे पाणी दुपारी लाल अन् पहाटे हिरवं. तुम्हांला हे माहीत नाही, कारण माय बसली की पहाटे अन् दिवेलागणीला इकडे कोणी फिरकतच नाही."

ती लटारूकडे वळली. "हा माणूस पहाटे गेला, म्हणून त्याले हिरवं दिसलं. साऱ्या गावात एकटाच खरं बोलत होता. अन् नथ्थू, तू पहाटे उभा होता अन् तुले लाल दिसलं?"

"उजेड… मले तसं वाटलं," नथ्थू म्हणाला.

"वाटलं असेल. सगळ्यांले तेच वाटत होतं. पण पाणी पिठासारखं चिकटतं हे पाचशे हातांवरून दिसत नाही. त्याचा वास अंगावर दोन दिवस राहतो, हे पाण्यात शिरल्याशिवाय कळत नाही. तू शिरला. पहाटे नाही, सोमवारी भर दुपारी. सगळे घरात पुडे बांधत होते तेव्हा. अन् तसाच मांडीपर्यंत लाल पायांनी शफीभाऊच्या फडावर गेला. मंगलीनं लटारूभाऊले पाह्यलं, म्हणून तुले चोरी त्याच्या अंगावर टाकाले सोपं गेलं."

"झूट!" नथ्थू ओरडला. "नळी कुठी आहे मंग माह्याकडे?"

"तुह्याकडे नाही. चला माझ्यासंगे."

गाव पाळीवरून उतरून मोरीपाशी गेलं. ताईने डाव्या हाताचा एक कोरडा दगड दाखवला. "रविवारी यावर बोटभर शेवाळ होतं. सोमवारी संध्याकाळी नव्हतं. मी माझ्या भावाले सांगितलं, तो हसला. शेवाळ कुठं जात नसते. दगड फिरला आहे."

शफीने पुढे होऊन दगड हलवला. तो सुटा होता. मागची बाजू वर आली, काळीनिळी, बुळबुळीत, जीव धरून असलेली. आणि आतल्या पोकळीत पत्र्याची नळी होती.

ताईने ती हातात न घेता सगळ्यांना दाखवली. पत्र्यावर वाळलेला थर विटकरी लाल होता.

"उन्हात काढली, उन्हातच वाळली, म्हणून लाल. पहाटे काढली असती तर लटारूभाऊच्या धोतरासारखी हिरवी राहिली असती. अन् लटारूभाऊ मंगळवारी गेले. हा दगड सोमवारीच फिरला होता."

नथ्थू खाली बसला. ठेकेदाराने त्याला तलावाची राखण देऊ केली होती, कायमची, दरवर्षी. "सुनावनी झाली की परत ठेवनार होतो," तो म्हणाला. "फाडाले हात नाई झाला. मायची वस्तू."

६

रहस्यकथा इथे संपायला हवी. कागद सापडला, चोर सापडला, निर्दोष सुटला. शनिवारी नागभीडला साहेबाने तो कागद उलटसुलट पाहिला आणि तलाव ढिवरांकडे राहिला. पण मला जे आठवतं ते त्याच्या आदल्या दिवशीचं, मोरीपाशी जे घडलं ते.

झिंगूने घसा साफ केला आणि निवाडा दिला. पहाटे पाणी हिरवं असतं, म्हणजे पहाटे माय बसलेली नसते. म्हणून लटारूने काही मोडलं नाही. माणसांनी माना हलवल्या. गुणाबाईच्या चेहऱ्यावर चार दिवसांनी रंग आला. ताई तर अशी उभी होती की कुणीतरी शाबासकी द्यावी, आणि तिला ती मिळायलाच हवी होती.

"नाई," लटारू म्हणाला.

सगळे त्याच्याकडे पाहू लागले.

"घरून निघालो तवा पानी हिरवं असन हे मले का मालूम होतं? मी तं लाल पान्यात जाले निघालो होतो. माह्या मनानं आंदीच मोडलं. आता पानी हिरवं निघालं म्हून मी सुटलो, असं कसं म्हनू? मी वरसभर बाहेर राहीन."

"लटारूभाऊ, अहो, पण—" ताई म्हणाली.

"तुमचे उपकार हायेत, बाई. मी चोर नाई हे तुम्ही दाखवलं. तेवढंच पाह्यजे होतं मले." मग त्याने पुतण्याकडे बोट केलं. "अन् हा माह्या बाजूले बसन. याले दुसरी सजा देऊ नोका. दोघं शिरलो, दोघं बाहेर."

रविवारी ताईला घेऊन मी गाडीने नागभीड स्टेशनला निघालो. बाटल्या खडखडत होत्या. निम्म्या वाटेवर ताई म्हणाली, "गुणवंता, मी त्याले सोडवलं, अन् तो सुटलाच नाही." आणि पदराने डोळे पुसले. ताई कुणासाठी रडेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

ते वर्ष मी रोज पाहिलं. साठ वर्षांचा ढिवर, ज्याने चालायच्या आधी पोहायला सुरुवात केली असेल, तो पाळीवर बसून दुसऱ्यांची जाळी शिवायचा. पाण्याला शिवायचं नाही, त्या तलावाचा मासा खायचा नाही. चार हातांवर नथ्थू. पहिले तीन महिने दोघांत एक शब्द नव्हता. पावसाळ्यात एकदा शाळेतून येताना मी पाहिलं, लटारू त्याला गाठ कशी मारायची ते दाखवत होता. नथ्थूला ती गाठ लहानपणापासून येत होती, हे सगळ्या गावाला माहीत होतं. तो मान खाली घालून शिकत होता.

पुढच्या मे महिन्यात ताई परत आली. वर्ष भरलं त्या सकाळी सगळं गाव पाळीवर जमलं. लटारू एकटाच उतरला. गुडघाभर पाण्यात गेला, ओंजळ भरून तोंडावर घेतली आणि तसाच ओल्या तोंडाने उभा राहिला. मग त्याने मागे वळून पाहिलं. नथ्थू काठावरच खोळंबला होता. एक पाय उचलायचा, पुन्हा ठेवायचा. त्याची पाण्यात यायची हिंमत होत नव्हती.

"ये ना, पोरा," म्हातारा म्हणाला. "तुहंबी वरस झालं."

नथ्थू पाण्यात उतरला. माझ्या शेजारी ताई हुंदके देत होती आणि तिने डोळेही पुसले नाहीत. त्या दिवशी तिने एकही बाटली भरली नाही.